सातूचे मोड आणि आडवी बाटली

नाचणीचं सत्त्व कसं करतात, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजून दळायचं. बीअरची सुरुवातही अशीच होते, फक्त नाचणीच्या जागी सातू असतो! हे कळलं आणि मला नवा छंद लागला. नोकरीनिमित्त आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. इथे घरापुरती बीअर करायला मुभा आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय ते चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.)

तेव्हापासून कुठेही फिरायला गेलं, की मी तिथली छोटी ब्रुअरी शोधते. सगळ्यात लक्षात राहिली ती ब्रसेल्समधली 'कँतियों'. १९०० सालापासूनची. तिथे यीस्ट घालतच नाहीत. सातूच्या मोडांचं आणि कच्च्या गव्हाचं उकळलेलं पाणी माळ्यावरच्या खोलीएवढ्या पसरट तांब्याच्या परातीत रात्रभर उघडं ठेवतात. हवेतलं यीस्ट त्यात उतरतं आणि ते आंबतं. आपलं इडलीचं पीठ नाही का आपोआप फुगत, तसंच! म्हणून हे काम फक्त थंडीत; उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. पुढे लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं मुरलेली बीअर एकत्र करून बाटल्या भरतात. चव चक्क आंबट. आणि कोळ्यांची जाळी कुणी झाडत नाही, कारण कोळी चिलटं खातात. माझ्या सासूबाईंनी बघितलं असतं तर आधी केरसुणी मागितली असती!

जर्मनीत बांबेर्ग गावी 'श्लेंकर्ला'मध्ये मोड आलेला सातू बीच लाकडाच्या जाळावर वाळवतात. घोट घेतला की चुलीच्या धुराचीच आठवण येते.

एका ब्रुअरीत मात्र माहिती देणारा माणूस सगळं ह्यांनाच समजावत होता. हे बिचारे चहावाले! शेवटी म्हटलं, "अहो, पातेलं मी ढवळते, मला सांगा." खरं तर युरोपात बीअर हे कित्येक शतकं बायकांचंच घरकाम होतं. हॉप्सच्या कडू फुलांनी पेय टिकतं, हे १२व्या शतकात लिहून ठेवलं तेही हिल्डेगार्ड नावाच्या एका ख्रिस्ती संन्यासिनीने. पण बीअर टिकायला लागली, लांब पाठवता यायला लागली, तशी मोठी भांडी आली, भांडवल आलं, आणि धंदा पुरुषांकडे गेला.

हे सगळं आईला कसं सांगायचं, हा मोठाच प्रश्न होता. २००९ साली आमच्या गावच्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, त्यात 'आडवी बाटली'चा प्रचार करत ती दारोदार फिरली होती. फोनवर सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मोड आणायला तर मीच शिकवलं तुला. पण बाटली उभी राहिली की घर आडवं होतं, हे बघितलंय गं मी."

तिचं खोटं नाही. शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र त्या दुकानापायी गहाण पडलेलं मीही पाहिलंय. म्हणून माझा नियम ठरलाय: ब्रुअरीत चवीपुरते चार घोट, आणि घरी पातेलं महिन्यातून एकदाच.

पुढच्या महिन्यात आई इकडे येतेय. तिला ती तांब्याची परात बघायचीय. "वास घेईन, घोट नाही," असं तिने आत्ताच बजावलंय!