रस्त्यावरील छायाचित्रण आणि फिल्म कॅमेरा : निर्णयप्रक्रियेच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना

छायाचित्रण ही कला की तंत्र, हा वाद छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ साली या शोधाची जाहीर घोषणा झाल्यापासून प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या परीने उत्तर दिले. छायाचित्रणाच्या ज्या शाखेत कला आणि तंत्र वेगळे काढणे सर्वांत अवघड ठरते ती शाखा म्हणजे रस्त्यावरील छायाचित्रण, अर्थात स्ट्रीट फोटोग्राफी होय. सार्वजनिक ठिकाणी, पूर्वनियोजन न करता, समोरच्या व्यक्तीस विशिष्ट पवित्र्यात उभे न करता घेतलेले दैनंदिन जीवनाचे छायाचित्र, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येईल.

प्रस्तुत लेखास एक निमित्त घडले. एका महाविद्यालयाच्या जनसंज्ञापन विभागातील डेडस्टॉक नोंदवहीची वार्षिक पडताळणी करताना दोन ३५ मिमी फिल्म कॅमेरे, एक एन्लार्जर आणि निगेटिव्हांची काही पाकिटे 'निरुपयोगी' या रकान्यात नोंदविली गेली व निर्लेखनासाठी प्रस्तावित झाली. प्रस्तुत लेखक त्या समितीचा सदस्य होता आणि यादीवर त्याचीही स्वाक्षरी आहे. आपण नेमके कशाचे निर्लेखन करीत आहोत, हा प्रश्न स्वाक्षरीपूर्वी पडावयास हवा होता. तो नंतर पडला. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : फिल्म कॅमेऱ्याने रस्त्यावरील छायाचित्रकाराचे निर्णय तीन वेगवेगळ्या वेळांत विभागले. काही निर्णय क्लिकपूर्वी, एक क्लिकच्या क्षणी व उरलेले क्लिकनंतर बऱ्याच काळाने. या विभागणीतून एक विवेकाची शिस्त निर्माण झाली आणि निगेटिव्हच्या रूपाने त्या शिस्तीचा पुरावाही शिल्लक राहिला.

१. लहान कॅमेऱ्याची घडण

एकोणिसाव्या शतकातील बहुतांश छायाचित्रण काचेच्या प्लेट आणि तिपाईवरील अवजड कॅमेरा यांच्या आधारे होत असे. अशा साधनाने रस्त्याचे चित्र घेता येई. परंतु छायाचित्रकार गर्दीत मिसळून जाऊ शकत नसे. ही स्थिती पालटण्यात जर्मनीतील वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्स कंपनीचा मोठा वाटा आहे. तेथील तंत्रज्ञ ओस्कार बार्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास चलच्चित्रपटाची ३५ मिमी फिल्म वापरणारा एक छोटा कॅमेरा तयार केला. चित्रपट कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते व तिच्यावर १८ × २४ मिमी आकाराची चौकट उमटते. बार्नाक यांनी फिल्म आडवी फिरवून दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिमी आकाराची चौकट मिळविली. हाच कॅमेरा सुधारित स्वरूपात १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत 'लायका' या नावाने लोकांसमोर आला. १९३२ च्या दुसऱ्या आवृत्तीत भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर आला, तर १९५४ च्या एम३ मध्ये चौकट पाहणे व अंतर जुळविणे या दोन्ही क्रिया एकाच खिडकीतून होऊ लागल्या.

याच काळात ब्राउनश्वाइग येथील फ्रान्के आणि हायडेके यांचा 'रोलायफ्लेक्स' हा दोन भिंगांचा कॅमेरा १९२९ साली बाजारात आला. ६ × ६ सेंमीची चित्रे देणारा हा कॅमेरा पोटाशी धरून वरून पाहिला जाई. त्यामुळे छायाचित्रकाराची नजर खाली राही आणि समोरच्या माणसास आपल्यावर काही रोखले आहे असे सहसा वाटत नसे. मात्र दृश्य उजवे-डावे उलटे दिसत असल्याने हालत्या माणसाचा मागोवा घेणे सरावाचे काम होते. लायका डोळ्याला लावावा लागतो, रोलायफ्लेक्स लावावा लागत नाही. या साध्या फरकाने समोरच्या माणसाशी जडणारे नातेच बदलते.

२. क्लिकपूर्वीचे निर्णय

फिल्म कॅमेरा हाती घेऊन रस्त्यावर उतरणारा छायाचित्रकार काही बाबी घरीच ठरवून निघतो. पहिली बाब फिल्मची. कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद कृष्णधवल फिल्म १९५४ साली ३५ मिमी रोलच्या रूपात उपलब्ध झाली. ४०० संवेदनशीलतेची अशी फिल्म एकदा कॅमेऱ्यात घातली की ३६ चित्रे संपेपर्यंत तीच संवेदनशीलता साधारणपणे कायम राहते. डिजिटल कॅमेऱ्यात ती प्रत्येक चित्रागणिक बदलता येते.

दुसरी बाब प्रकाशाची. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत प्रकाशमापक नसे. त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे : स्वच्छ उन्हात छिद्राचा आकडा १६ ठेवावा व शटरची गती फिल्मच्या संवेदनशीलतेइतकी धरावी. म्हणजे ४०० च्या फिल्मसाठी सुमारे १/५०० सेकंद. अथवा त्याच हिशेबाने छिद्र ११ व गती १/१०००. मोकळ्या सावलीत प्रकाश साधारण तीन टप्प्यांनी उतरतो. तेथे छिद्र ८ व गती १/२५० चालते. हे गणित एकदा अंगवळणी पडले की रस्त्याच्या उन्हाच्या बाजूकडून सावलीकडे जातानाच बोटे आकडे फिरवितात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब अंतराची. जुन्या भिंगाच्या नळीवर अंतराची मोजपट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंस छिद्राचे आकडे कोरलेले असतात. निवडलेल्या छिद्रास किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचे दृश्य पुरेसे स्पष्ट येईल, हे त्यावरून डोळ्यांना वाचता येते. ३५ मिमी भिंगावर छिद्र ८ व अंतर ३ मीटर ठेवल्यास स्पष्टतेचा पट्टा अदमासे १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत पसरतो. त्याच जुळणीत ५० मिमी भिंग लावल्यास तो अदमासे २.३ ते ४.२ मीटर एवढाच उरतो. रस्त्यावरील अनेक छायाचित्रकारांनी २८ किंवा ३५ मिमी भिंग का पसंत केले, याचे एक यांत्रिक उत्तर येथे मिळते. अंतर आधीच ठरलेले असल्याने ऐनवेळी जुळवाजुळव करावी लागत नाही. त्याऐवजी छायाचित्रकारालाच पावले टाकून योग्य अंतरावर जावे लागते. समोरच्या माणसापासून आपण किती दूर उभे राहणार, हा तंत्राचा प्रश्न आहे, तसाच तो सामाजिक वर्तनाचाही आहे.

३. क्लिकचा क्षण

पूर्वनिर्णय झाल्यावर क्लिकच्या क्षणी एकच निर्णय शिल्लक राहतो : आता की नंतर? फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) यांचे नाव या संदर्भात अपरिहार्यपणे येते. त्यांनी १९३२ च्या सुमारास लायका घेतला आणि पुढे मुख्यतः ५० मिमी भिंगावर काम केले. त्यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे इंग्रजी शीर्षक 'द डिसिसिव्ह मोमेंट' असे होते आणि 'निर्णायक क्षण' ही संकल्पना त्यावरूनच जगभर रूढ झाली. मूळ फ्रेंच शीर्षकाचा आशय मात्र घाईगर्दीत, चोरटेपणाने टिपलेल्या प्रतिमा असा काहीसा आहे. एका शीर्षकात निश्चिती आहे, तर दुसऱ्यात अनिश्चितता. प्रत्यक्ष रस्त्यावरचा अनुभव दुसऱ्याच्या अधिक जवळ जातो.

पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे पाण्याच्या डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ चे चित्र सर्वश्रुत आहे. कुंपणाच्या फटीतून ते घेतले गेले आणि चौकट कापून न घेण्याचा आग्रह धरणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँ यांनी हे चित्र मात्र कापून घेतले. निर्णायक क्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही क्लिकच्या क्षणी पूर्ण झालेले नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

कॅमेऱ्याच्या रचनेचाही या क्षणावर परिणाम होतो. १९५९ च्या निकॉन एफसारख्या एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगातूनच दृश्य दिसते. पण चित्र घेतले जाते त्या क्षणी आरसा वर उचलला जाऊन दृश्य लोपते. रेंजफाइंडर कॅमेऱ्याची खिडकी भिंगापासून स्वतंत्र असल्याने तो क्षणही दिसतो. शिवाय अनेक भिंगांबाबत चौकटीच्या रेषेबाहेरचे थोडे जगही दिसते. कोण चौकटीत येऊ घातले आहे हे आधीच कळते.

४. क्लिकनंतरचे निर्णय

फिल्म धुतल्यावरच चित्र दिसते. डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो, धुणे, वाळविणे आणि मग सर्व निगेटिव्हे एकाच कागदावर मूळ आकारात छापलेली कॉन्टॅक्ट शीट, असा हा क्रम आहे. क्लिक आणि दर्शन यांतील हे अंतर काही छायाचित्रकारांनी हेतुपुरस्सर वाढविले. न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड (१९२८-१९८४) रोल दीर्घकाळ न धुता ठेवीत. चित्र घेतानाची मनःस्थिती विसरल्यावरच चित्राचे गुणदोष निरपेक्षपणे दिसतात, अशी त्यामागील भूमिका होती. त्यांच्या निधनसमयी सुमारे २,५०० रोल न धुतलेल्या अवस्थेत मिळाले. शिस्तीचे रूपांतर साचण्यात कसे होते, याचेही हे उदाहरण मानावे लागेल.

दुसरे उदाहरण शिकागो येथे मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६-२००९) यांचे. भाडे थकल्यामुळे त्यांच्या साठवणखोलीतील वस्तूंचा २००७ साली लिलाव झाला आणि त्यातून निगेटिव्हांचा प्रचंड साठा बाहेर आला. त्यांच्या एकूण निगेटिव्हांची संख्या लाखाहून अधिक असल्याचे मानले जाते. मुख्यतः रोलायफ्लेक्सने घेतलेली ही चित्रे आज विसाव्या शतकातील अमेरिकी नगरजीवनाचा महत्त्वाचा ऐवज ठरली आहेत. ज्यांच्या हाती तो साठा लिलावात आला त्यांनी तो टाकून दिला असता, तर हा ऐवज कायमचा नष्ट झाला असता.

येथे डिजिटल पद्धतीशी एक मूलभूत फरक दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यात नको असलेले चित्र जागच्या जागी पुसता येते. फिल्मच्या पट्टीवर फसलेले चित्र यशस्वी चित्राशेजारीच राहते. आधी काय पाहिले, कोठे सरकले, कोणते चित्र निवडले व कोणते नाकारले, हा सारा क्रम त्या पट्टीत टिकून असतो.

५. भारतीय संदर्भ

कार्तिए-ब्रेसाँ १९४७ साली भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली होती. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावरून गांधीजींच्या निधनाची वार्ता सांगणाऱ्या पंडित नेहरूंचे त्यांचे चित्र अपुऱ्या प्रकाशामुळे काटेकोर अर्थाने स्पष्ट नाही. तरीही त्याचे मोल कमी होत नाही.

जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी तरुणपणी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले होते; परंतु त्यांनी स्वतःसाठी रंगीत फिल्मची वाट निवडली. भारतीय दृष्टीला रंग वर्ज्य करता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. मुंबईवरील त्यांचा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांची आवडती कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म प्रकाशातील चूक फारशी पोटात घेत नाही. मोजक्याच प्रयोगशाळांत ती धुता येई. साहजिकच क्लिकपूर्वीच्या निर्णयाचे वजन अधिकच वाढे. कोडॅकने २००९ साली या फिल्मचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०१० अखेर कॅन्सासमधील शेवटच्या प्रयोगशाळेनेही काम थांबविले. याउलट सूनी तारापोरवाला यांनी १९७७ पासून घेतलेली मुंबईची कृष्णधवल चित्रे २०१७ साली ग्रंथरूपाने व प्रदर्शनरूपाने एकत्र आली. चाळीस वर्षांचे शहर असे पुन्हा पाहता आले, कारण निगेटिव्हे जपली गेली होती.

६. नैतिक बाजू

अनोळखी माणसाचे चित्र त्याच्या नकळत घ्यावे काय, हा प्रश्न या प्रकारास कायम चिकटलेला आहे. डिजिटल कॅमेरा असल्यास छायाचित्रकार चित्र दाखवू शकतो व आक्षेप आल्यास पुसू शकतो. फिल्मवर ही सोय नाही. म्हणून येथेही निर्णय आधीच करावा लागतो : हा माणूस दुःखात, असहाय अवस्थेत अथवा खासगी क्षणी आहे काय? असल्यास कॅमेरा खाली ठेवणे हेच योग्य. क्लिक न करण्याचा निर्णय कोणत्याही पट्टीवर नोंदला जात नाही. तरीही तो छायाचित्रकाराच्या कामाचाच भाग होय.

समारोप

उपरोक्त विवेचनाचा अर्थ डिजिटल छायाचित्रण कनिष्ठ आहे असा नव्हे. पडदा बंद ठेवून, अंतर आधी ठरवून डिजिटल कॅमेऱ्यानेही हीच शिस्त पाळता येते. फरक इतकाच की तेथे ती स्वेच्छेची आहे, तर फिल्म कॅमेऱ्यात सक्तीची. शिकणाऱ्यासाठी हा फरक लहान नाही. एका विद्यार्थ्यास एक रोल, एक भिंग आणि एक महिना द्यावा. प्रत्येक चित्रामागील हेतू वहीत लिहून घ्यावा आणि मग कॉन्टॅक्ट शीट समोर ठेवून हेतू व परिणाम यांची तुलना करावी. पत्रकारितेच्या वर्गात निर्णयक्षमता शिकविण्याचा याहून स्वस्त मार्ग प्रस्तुत लेखकास तरी माहीत नाही.

निर्लेखनापूर्वी काही साध्या तपासण्या शक्य आहेत. पूर्णतः यांत्रिक शटर बॅटरीविना चालते. मापक बंद पडला म्हणून कॅमेरा निरुपयोगी ठरत नाही. भिंगातून उजेडाकडे पाहिल्यास आपल्याकडील पावसाळी दमट हवेने धरलेली बुरशी दिसते. ती आरंभीची असल्यास बहुधा साफ करता येते. वंगण सुकल्याने शटरच्या मंद गती अडकतात; तेही कारागिराकडून दुरुस्त होऊ शकते. निगेटिव्हांना शिरक्यासारखा आंबूस वास येत असल्यास ती तातडीने वेगळी करून थंड व कोरड्या जागी ठेवावीत व त्यांचे स्कॅनिंग करून घ्यावे.

विभागाची ती यादी अद्याप अंतिम मंजुरीसाठी गेलेली नाही. यंत्रे आणि निगेटिव्हे यांची नोंद एकाच रकान्यात करणे ही समितीची, पर्यायाने प्रस्तुत लेखकाचीही चूक होती. कॅमेरा बाजारात पुन्हा विकत मिळू शकेल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या रस्त्यावर टिपलेला एखादा दिवस पुन्हा मिळणार नाही. म्हणून यंत्रांची तपासणी होईपर्यंत त्यांचे निर्लेखन स्थगित ठेवावे आणि निगेटिव्हे यादीतून वगळून ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावीत, असा लेखी प्रस्ताव समितीपुढे ठेवला आहे. अन्य महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीही आपापल्या विभागांतील कपाटे या दृष्टीने एकदा उघडून पाहावीत, एवढीच विनंती.