पाणी वाढले, लोणार घटले

बुलढाणा जिल्ह्यात पाणी वाढल्याची बातमी कुणाला नको असते? पाझर तलाव भरला की गाव निर्धास्त होते. पण या जिल्ह्यात एक तलाव असा आहे, की त्याचे पाणी चढू लागले की काळजी करावी. तो लोणारचा.

उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली आणि शोधाचे श्रेय आपण त्यालाच देऊन टाकले. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या, साबणाला आणि काचेला लागणाऱ्या, खाराचा उल्लेख आहे. लवणासुराची कथा आणि त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर तर त्याहून जुने. विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, हे ठरायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी खडकातल्या मास्केलिनाइटचा, म्हणजे प्रचंड दाबाने काच झालेल्या खनिजाचा, पुरावा ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वयाचा वाद पुढेही चालला. आधी ५० हजार वर्षांच्या आसपासचा आकडा मानला जाई. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने तो ५ लाख ७० हजारांवर नेला.

या सरोवरात पाणी येते, पण बाहेर जात नाही. पावसाचे येते, धारेचे येते, कड्यातल्या झऱ्यांचे येते. जाण्याची वाट एकच, उन्हाने वाफ होण्याची. वाफ क्षार मागे ठेवते. वर्षानुवर्षे असे साचत साचत पाणी सोड्याचे झाले आणि त्याचा सामू दहाच्या घरात गेला. एवढ्या तिखट पाण्यात मासा जगत नाही. जगते ते हिरवे स्पिरुलिना आणि सोड्याची सवय झालेले जिवाणू. त्यांतल्या एका जिवाणूला शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘मिथायलोफागा लोनारेन्सिस’ असे नावच देऊन टाकले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि देशभर गवगवा झाला, तेही याच कुळातले प्रकरण. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. चमत्कार म्हणून धावत आलेल्यांची थोडी निराशाच झाली असावी.

काठावरून तळाकडे उतरताना रानाची कडी बदलत जातात. वरच्या उतारावर साग आणि सीताफळ, खाली बाभळीचा पट्टा, मग खारवट चिखल. जून २००० मध्ये हा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला, तो जेमतेम साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटर. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जा जाहीर झाला. नांदूर मधमेश्वरनंतरचे हे राज्यातले दुसरे स्थळ. रामसरच्या नोंदीत इथे १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आणि १२ जातींचे सस्तन प्राणी आहेत. त्यांत लांडगाही आहे. मोर, वानरे तर वाटेवरच भेटतात.

शेकाट्यासारख्या चिखलपायी पक्ष्याला दाट झाडी नको, उघडा काठ हवा. तोच काठ वेड्या बाभळीने बळकावला. हे झाड परदेशी, खारट जमिनीलाही दाद न देणारे. लांबून पाहिले की हिरवे दिसते आणि हिरवे म्हणजे रान, असा आपला ठाम समज. ही बाभूळ उपटायचे काम हाती घ्यावे लागले, ते म्हणूनच. अभयारण्यात झाडे तोडली म्हणून हळहळणाऱ्यांनी कोणते झाड तोडले, हे आधी विचारावे.

पाण्याचेही तसेच. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी चढत गेली आणि काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरात पाणी शिरले. सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्याही आल्या. भोवतालचे जलसंधारण, जास्तीचा पाऊस, गावाचे सांडपाणी, मोकळे झालेले झरे यांपैकी कुणाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत चर्चा आहे. परिणाम मात्र सरळ आहे. गोडे पाणी वाढले की सोडा पातळ होतो, सामू उतरतो आणि केवळ या पाण्यासाठी घडलेले जीव मागे हटतात. मासे आले म्हणून आनंद मानणे ही इथे गफलत ठरेल. मासे असलेली तळी महाराष्ट्रात हजारो आहेत.

मंदिरे वाचवणे, पर्यटकांना पायऱ्या करून देणे ही कामे दिसतात, म्हणून होतात. खारटपणा दिसत नाही. वनखात्याने दर महिन्याचा सामू आणि क्षारांचे प्रमाण विवराच्या काठावर ठळक फलकावर लिहावे आणि गावाच्या सांडपाण्याचा एकही ओघळ आत उतरू देऊ नये. लोणारला जाणाऱ्या वाचकांनीही पाणी किती आहे हे विचारण्याआधी ते किती खारे आहे, हे विचारावे.