शाळकरी मुले आणि शेजारधर्म

नागपूरहून भंडाऱ्यास जाणाऱ्या महामार्गाच्या बाजूस जवाहरनगर ही वसाहत आहे. आयुधनिर्माणीच्या आश्रयाने ती वसली. तिच्या सभोवार धानाची शेते व जुनी खेडी आहेत. वसाहतीत मात्र नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे राहतात. खेड्यातील शेजारी हा दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा असतो. अशा वसाहतीतील शेजारी नेमणुकीच्या हुकुमाबरोबर येतो आणि सेवानिवृत्तीनंतर सामानसुमान बांधून निघून जातो.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी त्या कारखान्यात स्फोट होऊन आठजण मृत्युमुखी पडले. अशी आपत्ती कोसळली म्हणजे सरकारी साहाय्य रीतसर येते. परंतु दुःखाच्या घरी दोन वेळचे जेवण पोचविणे, भेदरलेल्या मुलांना जवळ घेऊन बसणे आणि महिना-दोन महिन्यांनी, लोकांची वर्दळ ओसरल्यावर, पुन्हा त्या दारी जाऊन विचारपूस करणे, हे काम शेजाऱ्याचेच होय. हा शेजारधर्म प्रसंग आला म्हणून एकाएकी अंगी येत नाही. तो लहानपणीच हाडीमाशी मुरावा लागतो. आणि जेथे शेजार पिढीजात नसतो, तेथे तो मुरविण्याचे पुष्कळसे ओझे शाळेवर पडते. शाळेने ते कसे उचलावे, याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही.

पूर्वी आपल्याकडे उपकाराचा ओघ गावाकडून विद्यार्थ्याकडे वाहत असे. गरीब विद्यार्थी झोळी घेऊन मधुकरी मागे, अथवा वार लावून जेवे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा सात घरांचा आठवडा. गावाच्या अन्नावर आपण शिकलो, हे त्यास जन्मभर विसरता येत नसे. त्या रीतीत जिव्हाळा होता, तसा एक मोठा दोषही होता. हा ओघ बहुधा जातीच्या बांधापाशी अडे. ज्याची जात बांधापलीकडची, त्याच्या वाट्यास ना घर येई ना वार. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू, जेवू व श्रम करू लागली. एका पंगतीस बसलेल्या मुलास शेजाऱ्याची जात विचारण्याची गरज उरत नाही, आणि शेजारधर्माचा खरा आरंभ तेथेच होतो.

दुसरी वाट बालवीर चळवळीने दाखविली. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्या चळवळीत ‘रोज एक सत्कृत्य’ हा नियम झाला. त्याची आठवण राहावी म्हणून बालवीराने गळपट्टीस गाठ मारून ठेवावी, अशी युक्ती सांगितली गेली. युक्ती साधीच, परंतु तिच्यात मुलांच्या स्वभावाची जाण आहे. ‘परोपकार कर’ या उपदेशाने मूल गोंधळते. ‘आज एक काम कर’ म्हटले की त्यास वाट दिसते. शिवाय सत्कृत्याचा मोबदला घ्यावयाचा नाही, असा दंडक असल्यामुळे मदत व मजुरी यांतील भेदही त्यास उमगतो.

आपल्या शाळांतून चालणारा ‘खरी कमाई’ हा उपक्रम याच चळवळीतला. ओळखीच्या घरी बागेस पाणी घालावे, सायकल पुसून द्यावी, आणि जे चार पैसे मिळतील ते पथकाच्या कार्यासाठी जमा करावे, ही त्यामागील कल्पना. अलीकडे अनेक शाळांतून खाद्यपदार्थांची दुकाने मांडून खरी कमाई साजरी होते. पदार्थ आईने करावयाचे, विकत वडिलांनी घ्यावयाचे आणि कौतुक मुलाचे व्हावयाचे, असा तो प्रकार झाला, तर मुलाचा दिवस मजेत जाईल; कमाई मात्र खरी म्हणता येणार नाही.

तिसरा प्रयत्न विदर्भाच्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी आपली शिक्षणविषयक कल्पना मांडली. तीच पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली. हातांनी काम करीत शिकावे व शिकलेले भोवतालच्या समाजास उपयोगी पडावे, हे तिचे सूत्र. पुढे १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर रोजी ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि कालांतराने ती अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत पोचली.

तथापि कोणतीही योजना शिक्षकाच्या वर्तनाहून मोठी नसते. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयाचे काम पाहत असत, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडून काढीत. विदर्भाचेच सुपुत्र गाडगे महाराज गावात येताच आधी खराटा हाती घेत. कीर्तन रात्री होई. आधी हात आणि मागाहून वाणी, हा क्रम ज्या शाळेस साधला, तेथे सेवेवर निराळा धडा द्यावा लागत नाही.

आता मुलांनी नेमके करावे तरी काय? मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेल्यामुळे मागे एकटे राहिलेले वृद्ध दांपत्य आज गल्लोगल्ली आढळते. त्यांना औषध आणून द्यावे, बँकेचा कागद वाचून दाखवावा, दूरध्वनीच्या यंत्रावरील बारीक अक्षरे समजावून सांगावी. आजारी वर्गमित्राच्या घरी रोजचा अभ्यास नेऊन द्यावा. वर्गात जो नवा मुलगा परप्रांतातून आला आहे व ज्यास मराठी नीट येत नाही, त्यास मधल्या सुटीत आपल्या डब्याशी बसवून घ्यावे. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त, आणि कदाचित सर्वांत मोलाचे.

यासंबंधी तीन पथ्ये सांभाळणे अगत्याचे आहे. पहिले पथ्य असे की, मदत करण्यापूर्वी विचारावे. ज्यास रस्ता ओलांडावयाचा नाही त्या आजोबांचा हात धरून त्यांना पलीकडे नेणे, हा परोपकार नव्हे. दुसरे, घेणाऱ्याचा मान राखावा. गरीब मुलास व्यासपीठावर उभे करून वही देणे आणि ते घडत असता छायाचित्र काढणे, यात वही एकाची व कीर्ती दुसऱ्याची होते. त्या मुलाच्या वाट्यास वहीबरोबर लाज येते. तिसरे, मुलांना संकटाच्या तोंडी देऊ नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर येऊन भंडारा शहर व अनेक गावे जलमय झाली. अशा वेळी पाण्यात उतरणे किंवा स्फोटाच्या जागी धावणे हे प्रशिक्षित माणसांचे काम. मुलांचे काम पूर ओसरल्यावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, सुरू होते. शेजारच्या घरातील भांडी घासून द्यावी, वाचलेली पुस्तके उन्हात वाळवावी, पुस्तके गमावलेल्या सोबत्यास आपल्या वहीतील टिपणे उतरून द्यावी.

गुणांचा प्रश्नही येथे निघतो. सेवेस गुण दिले नाहीत तर मुले करीत नाहीत, आणि दिले तर गुणांपुरतीच करतात, ही शिक्षकांची नित्याची अडचण. तिच्यावर उपाय शाळेपेक्षा घराच्या हाती अधिक आहे. संध्याकाळी मुलास ‘आज किती गुण मिळाले?’ एवढेच विचारले जाते, त्या घरात तो गुणच मोजावयास शिकेल. ‘आज कोणाच्या उपयोगी पडलास?’ हा प्रश्न जेथे जेवताना सहज निघतो, आणि वडीलमंडळींनाही त्याचे उत्तर द्यावे लागते, तेथे गळपट्टीस गाठ मारण्याचे कारण पडणार नाही.