कोंबड्यांचे रोगजंतु औषधास कां जुमानीत नाहींत ?

जें औषध पूर्वीं तात्काळ लागू पडे, तेंच आतां दिलें असतां गुण येत नाहीं, असा अनुभव कोंबड्या पाळणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. याचें कारण समजण्यास रोगजंतूची रीत पाहिली पाहिजे. आम्ही येथें साल्मोनेला या जंतूचें उदाहरण घेतों. याच्याच दोन प्रकारांपासून पिलांस पांढरी हगवण व मोठ्या कोंबड्यांस फाउल टायफॉइड होतो.

हा जंतु आपली रोगकारक शक्ति सर्वकाळ वापरीत नाहीं. पक्ष्याच्या शरीरांतील भक्षक पेशींनीं त्यास गिळलें म्हणजे तेथें त्यास आंबटपणा व मॅग्नेशियमची उणीव भासते. जंतूच्या आवरणांतील फो-क्यू नांवाचें प्रथिन ही खूण ओळखून फो-पी या दुसऱ्या प्रथिनास वर्दी देतें. फो-पी लागलीच पेशींत तग धरण्यास लागणारीं जनुकें जागीं करितें. त्याच हुकुमानें बाह्य आवरणावरील ऋण विद्युद्भारही घटतो. कोलिस्टिन हें औषध धनभारित असून ऋणभारित आवरणास चिकटूनच तें फोडतें. भार घटतांच त्याची पकड ढिली पडते. अर्थात् रोग करण्याची व या औषधास चुकविण्याची कळ येथें एकच आहे.

परिस्थिति पालटली कीं ही कळ पुन्हां मिटते. परंतु जनुकांतच बदल झाल्यास तो गुण वंशपरंपरा चालतो. त्याहून घातक गोष्ट सन २०१५ मध्यें चीनमध्यें उघडकीस आली. कोलिस्टिनला दाद न देणारें एमसीआर-१ हें जनुक प्लास्मिड नामक सुट्या डीएनए-तुकड्यावर आढळलें. तें एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जातें. खाद्यांत थोडथोडें औषध घातल्यास दुबळे जंतु मरतात व असे निगरगट्ट तेवढे वाढतात.

इतर औषधें हरल्यावर मनुष्याचा प्राण वांचविण्यास जीं थोडीं औषधें उरतात, त्यांत कोलिस्टिन आहे. म्हणून भारत सरकारनें सन २०१९ मध्यें कोंबड्या, खाद्योपयोगी जनावरें व मत्स्यपालन यांकरितां त्याचें उत्पादन व विक्री यांस मनाई केली.

तेव्हां आमच्या वाचकांस इतकेंच सांगणें आहे : हे दोन्ही रोग अंड्यांतून पिलांत उतरतात, यास्तव पिलें तपासलेल्या निरोगी कळपाचींच घ्यावीं. खुराडें स्वच्छ व कोरडें ठेवावें. मेलेले पक्षी खोल पुरावे. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें, पूर्ण मात्रेनें व ठरलेले सर्व दिवस द्यावें. केवळ वाढीसाठीं तें खाद्यांत मिसळणें सर्वथा वर्ज्य समजावें.