शोधाचा सुळका आणि बातमी

मंडळी, २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्याची जमीन दोनदा हादरली. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा. अशा वेळी माणूस आधी अंगणात धावतो, मग मोबाईलवर ‘भूकंप’ असे लिहून शोधतो. पुष्कळांनी एकदम शोधले, की गूगल ट्रेंड्सच्या आलेखावर सुळका उभा राहतो.

त्यातले १०० म्हणजे शंभर माणसे नव्हेत बरे! एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा ज्या वेळी सर्वांत मोठा, तिथे १०० धरतात. बाकीचे आकडे त्या मानाने. शोध फारच थोडे असले तर शून्य दिसते. लहान गावांचे बहुधा असेच होते. म्हणून तिथे काही घडलेच नाही, असे समजू नये.

आता आपले सेनगाव तालुक्यातले गोरेगाव घ्या. ६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या गोरेगावात इमारतीला आग लागून माणसे दगावली. त्या दिवशी ‘गोरेगाव’ शब्द चढलेला दिसला, तर तो आपल्या गावाचा म्हणायचा का? गुरुजींनी मुलांना विचारावे : बातमी आधी, की शोध आधी? सोबत दुसरा कोणता शब्द चढला? त्याच दिवशी ‘आग’ही चढला असेल, तर धागा मुंबईकडे जातो.