ब्रीदर पाइप बंद करू नका: कॅच कॅनमध्ये काय साचतं आणि ते काय सांगतं

आजचा भाग ज्यांनी टर्बो गाडी रिमॅप केलीय किंवा करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, पण बॉनेटखाली डोकं घालायची सवय बीटेकपासूनची. सोलापुरात मला सारखा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "भाऊ, कॅच कॅन लावला की पिकअप वाढतो का?" सरळ उत्तर: नाही. तो पॉवरसाठी नसतोच. नीट लावला तर इंजिन स्वच्छ राहतं, चुकीचा लावला तर चांगल्या इंजिनाचे सील जातात. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

हा धूर येतो कुठून?

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा प्रचंड दाब तयार होतो. पिस्टन रिंग कितीही नवी असली तरी थोडा वायू तिच्या कडेनं खाली, क्रँककेसमध्ये निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली ऑइल उडत असतं त्याचे बारीक कणही त्यात मिसळतात. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर चिकट थर बसतो ना, तसंच हे प्रकरण.

हा वायू बाहेर काढावाच लागतो. नाही काढला तर कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं होतं. दाब वाढतो आणि जिथं कमजोर जागा मिळेल तिथून, म्हणजे ऑइल सीलमधून किंवा गॅस्केटमधून, ऑइल बाहेर यायला लागतं.

पूर्वीच्या गाड्यांत एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, बस्स. तेव्हा गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा याच वाटेनं हवेत जायचा. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं लोक हैराण झाले आणि १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. म्हणजे काय, तर हा वायू परत इनटेकमध्ये ओढायचा आणि जाळून टाकायचा. आजही सगळ्या पेट्रोल गाड्यांत हेच चालतं.

रिमॅप केल्यावर काय बदलतं?

उदाहरण आपल्या चाकणमध्ये बनलेल्या पोलोचं घेऊ. २०२० ची १.० टीएसआय: तीन सिलिंडर, टर्बो, कंपनीकडून ११० पीएस. रिमॅपमध्ये बूस्ट वाढवतात. सिलिंडरमधला दाब वाढला की ब्लो-बायही वाढतो. कंपनीचा ऑइल सेपरेटर मूळ दाबाचा हिशोब धरून बनवलेला असतो. वाढलेला सगळा भार तो पेलेलच असं नाही. उरलेलं ऑइल टर्बोच्या पाइपात आणि इंटरकूलरमध्ये जाऊन बसतं.

त्यात हे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. जुन्या पद्धतीत पेट्रोलनं व्हॉल्व्ह धुतला जायचा, इथं ते होत नाही. तिथं बसलेलं ऑइल तापून काळा थर होतं. शिवाय हवेबरोबर ऑइल आत गेलं की मिश्रणाची नॉकिंग सहन करायची ताकद कमी होते. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आत जाणारी हवा आधीच गरम. पुणे हायवेवर ओव्हरटेकसाठी पाय दाबला की नॉकिंगची शक्यता तिथंच सगळ्यात जास्त.

कॅच कॅन काय करतो?

पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब जमतात, तेच तत्त्व. गरम वायू डब्यात येतो, आतल्या पडद्यांवर आणि जाळीवर आपटतो, थोडा थंड होतो, आणि ऑइल व पाणी खाली साचतं. उरलेला वायू पुढं इनटेककडं जातो. लावताना एवढं बघा:

१. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब. तिथं तापला तर त्यात काही जमणारच नाही.
२. होज ऑइल सहन करणारा हवा. साधा पाण्याचा पाइप काही महिन्यांत फुगून मऊ पडतो. व्यास मूळ पाइपाइतकाच.
३. पाइपाला मध्ये खोलगट झोळ नको. तिथं ऑइल साचून वाट बंद होते.
४. मॅनिफोल्डकडच्या लाइनवर एकदिशा व्हॉल्व्ह शाबूत हवा. नाहीतर बूस्ट आला की दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो.
५. जाळीचा छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडू नका.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. बरेच जण म्हणतात, "पीयूसी तर पास होतंय की!" होणारच. पीयूसी सायलेन्सरच्या टोकाला मोजतात, बॉनेटखाली नाही. पण गाडी मंजूर होताना क्रँककेसमधून काहीही हवेत जाता कामा नये अशी चाचणी असते. तो वास केबिनमध्ये येतो, ट्रॅफिकमध्ये मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकातही जातो. आणि तापलेल्या टर्बोवर ऑइल पडलं तर आगीचा धोका वेगळाच. कायद्याचंही लक्षात ठेवा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि कलम १८२ अ खाली दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रिमॅप करायच्या आधी हे वाचा.

डब्यातलं वाचायचं कसं?

माझ्या मते डब्याचा खरा उपयोग हा. आमच्या भाषेत सांगायचं तर ही इंजिनाची लॉग फाइल आहे. दर १,००० किलोमीटरला रिकामा करा, किती मिली निघालं ते लिहून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना नको. आपलाच आकडा अचानक वाढला तर ते लक्षण समजा.

रंगही बघा. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत सकाळी गारठा, आणि गाडी फक्त सात रस्ता ते होटगी रोड अशी फिरलेली. अशा वेळी डब्यात दुधाळ कॉफीसारखं काहीतरी निघतं. घाबरू नका, इंजिन पूर्ण तापत नाही म्हणून वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. पण कूलंटची पातळीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

प्रमाण वाढतच गेलं तर मोठा डबा घेऊ नका, लीक-डाउन टेस्ट करा. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरतात. ऑइल भरायच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंगची बाजू, इनटेकमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रिंग गेलेली असताना डबा मोठा करणं म्हणजे छत गळतंय म्हणून खाली मोठी बादली ठेवणं.

डब्यातलं ऑइल परत इंजिनात ओतू नका, त्यात पेट्रोल आणि पाणी असतं. गटारीतही नको. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात टाका.

तर मंडळी, वायूला वाट ठेवा, ती वाट बंदिस्त ठेवा, आणि डब्याची वही लिहा. तुमच्या वहीत काय आकडे येतात ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.