२१ जूनला सावली दक्षिणेला!

येत्या २१ जूनला वर्षातला सर्वांत मोठा दिवस. सोलापुरात त्या दिवशी सूर्य सुमारे १३ तास १० मिनिटे क्षितिजाच्या वर असतो. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी तो जेमतेम ११ तास भेटतो. २०१५ पासून ही तारीख आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरी होते. सकाळी मैदानावर आसने झाली की दिवस संपला असे मात्र समजू नका. खरी गंमत दुपारी, तुमच्याच गच्चीवर आहे.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. मातीने भरलेल्या कुंडीत किंवा डब्यात ती अशी उभी करा, की मातीच्या वर बरोबर एक मीटर राहील. सोलापूरचा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. त्या दिवशी तो १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास होतो. तेव्हा काठीची सावली मोजा. ती फक्त १० सेंटिमीटर भरेल आणि पडेल दक्षिणेला! एरवी वर्षाचा बहुतेक काळ आपली दुपारची सावली उत्तरेला पडते. डिसेंबरात हीच सावली उत्तरेकडे ८७ सेंटिमीटर लांब असते.

कारण सोपे आहे. कर्कवृत्त उज्जैन-भोपाळच्या जवळून जाते आणि सोलापूर त्याच्या बरेच दक्षिणेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. मग तो आणखी उत्तरेला सरकतो, २१ जूनला माघारी वळतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा डोक्यावर येतो. याच सुमारास आर्द्रा नक्षत्र लागते, त्यामुळे आभाळ भरलेले असू शकते. हरकत नाही. आठवडाभर मागेपुढे केले तरी सावलीत अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक पडत नाही.

मुलांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. सावलीकडे पाहायचे, सूर्याकडे नाही. गॉगल लावून नाही, ढगाआडून नाही, त्राटक म्हणूनही नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. तो भाजला तरी त्या क्षणी काही दुखत नाही. नंतर नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो आणि काहींचा तो कायम राहतो.

आता या दिवसाचा दुसरा धडा. भवानी पेठेसारख्या भागात यंत्रमागावर काम करणारे आणि घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर छपराखालीच असतात. इतके कडक ऊन पडणाऱ्या शहरात राहूनही त्यांच्या अंगाला ऊन लागत नाही. कंबर दुखते, मांड्या भरून येतात, खाली बसले की उठताना हात टेकावा लागतो, अशा तक्रारी सरकारी दवाखान्यात रोज ऐकू येतात. प्रत्येक वेळी कारण एकच नसते, पण ड जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातले एक मोठे कारण आहे.

हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. म्हणून सकाळी सातचे कोवळे ऊन शरीराचे घड्याळ लावायला आणि रात्रीच्या झोपेला उत्तम, पण ड जीवनसत्त्वासाठी अपुरे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचाही त्यासाठी उपयोग नाही. खूण एकच लक्षात ठेवा : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हा हे किरण भरपूर असतात. अशा वेळी हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार वेळा उन्हात बसा. सकाळी दहाच्या सुमाराचे ऊन सोसवतेही. जास्त वेळ बसून जास्त फायदा होत नाही, त्वचा मात्र भाजते. दुखणे जुने असेल तर तपासणी करून घ्या. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने किंवा पुड्या मनाने घेऊ नका. त्या अति झाल्या तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

जूनच्या अखेरीस पारा उतरतो, पण हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. पत्र्याच्या घरातल्या वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना याचा त्रास आधी होतो. वृद्धांना दुपारी पाणी, ताक, ज्वारीची आंबील देत राहा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मीठ आणि पाणी किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घाबरल्यासारखे बोलणे, असंबद्ध बडबड, अंग तापलेले अशी लक्षणे दिसली, तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि थेट रुग्णालय गाठा.

संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो. टीव्ही बंद करून सगळे घर गच्चीवर किंवा ओट्यावर आणा. भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच होऊ द्या. दुपारच्या सावलीचे टोक खडूने आखून शेजारी तारीख लिहा आणि माप वहीत टिपून ठेवा. २१ डिसेंबरला तीच काठी त्याच जागी उभी केली, की पृथ्वीचा कल मुलांना पुस्तकाशिवाय समजेल.